कोचच्या मुलीचा ईसीजी

शनिवार, रीडिंग (इंग्लंड)

आज क्लबमधल्या हार्ट स्क्रीनिंगला कोच स्वतःच्या मुलीला घेऊन आला. तोच. माझी सई हॉकीच्या प्रॅक्टिसला चक्कर येऊन पडली, तेव्हा ‘तुम्हा इंडियन लोकांचे ते उपास!’ म्हणून हसलेला. डोंबलाचा उपास! दोन ऑम्लेटं खाऊन गेली होती पोरगी. पुढच्या मॅचला कोसळली, ती उठलीच नाही. तेव्हाच कोणी ईसीजी काढला असता तर...

हे स्क्रीनिंग मीच सुरू केलं, सईच्या नावाने. आणि आज पडद्याबाहेर उभी राहून काय मागत होते? हिच्या ईसीजीत काहीतरी निघू दे. कळू दे त्यालाही.

नॉर्मल आला. मी चक्क हिरमुसले.

दोन ऑम्लेटं खाल्ली होती सईने.

दुसऱ्याच्या लेकीचं वाईट चिंतणारी बाई करून ठेवलंय त्याने मला. हे तर कधीच माफ करणार नाही.