लॉर्ड वेल्डरबींचा शर्ट

सोमवार, १ ऑक्टोबर १८८८

शर्ट सापडला! मी पहाटे भिजवणाच्या पिंपात तळाशी दडपून वर चार चादरी टाकल्या होत्या, पण माझ्याबरोबर धुणाऱ्या पेगचा हात नेमका तिथेच गेला. उजव्या बाहीवर रक्त, आणि गळपट्टीत लाल दोऱ्याने काढलेला छोटासा मुकुट. आमच्या लाँड्रीत ती खूण एकाच घराची — लॉर्ड वेल्डरबी.

"बायांनो, हाच तो!" पेग किंचाळली. "काल पहाटे व्हाइटचॅपलमध्ये त्या खुन्याने आणखी दोघींना कापलं, आणि आज हा बघा लॉर्डाचा शर्ट!"

मी इस्त्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

इथे तरी खरं लिहिते. शनिवारी तो शर्ट मीच एबेलला घालायला दिला होता. पद्धत सगळ्यांचीच आहे — गिऱ्हाइकाचे कपडे शनिवारी घरच्यांच्या अंगावर, सोमवारी पहाटे पुन्हा पिंपात. मालकीणबाई मिसेस टगवेल काणाडोळा करतात. त्यांच्याच जावयाच्या अंगावर मी एका न्यायाधीशाचा सदरा पाहिलाय! एबेलला डोराच्या घरी मायकलमसच्या सणाला हंसाच्या जेवणाला जायचं होतं, तिचा हात मागायला. आई गेल्यापासून मीच वाढवलेला माझा भाऊ. फाटक्या बाहीने कसा पाठवू?

रक्त त्याच्याच नाकाचं. "परत येताना एका दारुड्याने ठोसा हाणला, ताई," म्हणाला. जेवणाचं मात्र भरभरून सांगत होता — हंस जरा करपलाच होता, डोराच्या वडिलांनी तंगडी त्याच्याच ताटात वाढली.

मंगळवार, २ ऑक्टोबर

मिसेस टगवेलनी शर्ट सोडा घालून उकळला. पोलिस आले तर तो इथे आला कसा, हेही विचारतील ना! शर्ट पांढराशुभ्र झाला. गोष्ट मात्र धुतली गेली नाही.

"लॉर्डसाहेब ऑगस्टपासून स्कॉटलंडला आहेत, शिकारीला," मी धीर करून म्हटलं. मला ठाऊक आहे, कारण टोपल्या मीच लावते. सहा आठवड्यांत साहेबांचा एक कपडा आलेला नाही. हा शर्ट आधीचाच राहिलेला.

"तेच तर!" पेग म्हणाली. "शिकारीला! सुरा चालवायची सवय कुठली मग? आगगाडीने येतो, काम उरकतो, सकाळी परत!"

दुपारी मासळीवाल्याने गोष्टीत लॉर्डाच्या गाडीला काळे पडदे लावले. संध्याकाळपर्यंत लॉर्डाच्या हातात डॉक्टरची बॅगही आली. पराचा कावळा म्हणतात. इथे तर कावळ्याला घोडागाडी मिळाली. मला हसू आलं, आणि मग स्वतःची शिसारी आली. शर्ट आला कुठून, हे कुणीच विचारत नाही. प्रत्येकीच्या घरी एकेक शर्ट आहे.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

पेटिफरकाकांना दगड मारले.

वेल्डरबींचे म्हातारे गाडीवान. मला दर खेपेला खिशातून पेपरमिंटची गोळी देणारे. मेजावरच्या चादरी न्यायला आले होते. गाडीच्या दारावर मुकुट दिसला, आणि गल्ली धावून गेली. त्यांनी मला दारात पाहिलं. "हॅना, तुला माहीत आहे ना गं, साहेब इथे नाहीत? सांग ना पोरी यांना!"

मी दारातच उभी राहिले. गप्प. काकांचा डावा डोळा गेला, असं म्हणतात.

शनिवार, ६ ऑक्टोबर

ठरलं. सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार. नोकरी जाईल, कपडे चोरल्याबद्दल तुरुंगही होईल — होऊ दे! नाकाच्या चार थेंबांपायी एका म्हाताऱ्याचा डोळा गेला. हे माझं पाप आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

एबेलला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "ताई, वेडी आहेस का? लॉर्डाला कोण फाशी देतंय? चार दिवस बोलतील नि विसरतील."

"आणि पेटिफरकाकांचा डोळा?"

त्याने ताट बाजूला सारलं. नंतर म्हणाला, "माझं लग्न मोडेल." मी म्हटलं, मोडलं तर पुन्हा जुळेल. किती दिवसांनी आज भूक लागली.

रविवार, ७ ऑक्टोबर

चर्चच्या दारात डोराचे वडील भेटले, मिस्टर गॅमेज. मी आपणहून म्हटलं, "एबेलला हंस फार आवडला हं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कसला हंस, बाई? तुझ्या भावाची वाट बघून हंस गार झाला. पोर रडत झोपली. तो आलाच नाही! वर आठवडा झाला, साधा निरोप नाही."

घरी आले. एबेल खिडकीशी बसून सूप पीत होता. उजेड त्याच्या तोंडावर होता. मी त्याच्या नाकाकडे पाहिलं. सूज नाही, ओरखडा नाही. गेल्या सोमवारीही नव्हता. तेव्हाही मी पाहिलं होतं.

"काय बघतेस गं, ताई?" त्याने विचारलं.

"काही नाही. आणखी वाढू?"

सोमवार, ८ ऑक्टोबर

बोलले. सगळ्या जणी काम थांबवून ऐकत होत्या. मी सांगितलं — त्या शनिवारी रात्री लॉर्डाची गाडी आमच्या गल्लीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पेटिफर हाकत होता.