दोन वर्षांचं हॅम्बर्ग

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सासूबाईंकडून कळलं. फोनवर.

उर्जाच्या शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय म्हणाल्या, चिंचवडच्या. "शाळा जूनला सुरू होते, तुम्ही येणार ऑगस्टमध्ये. पण तेवढं चालवून घेऊ म्हणाले ते." मी कढई पुसत होते. म्हटलं, आई, ऑगस्टमध्ये कोण येणार? त्या हळूच म्हणाल्या, "मयुरेश बोलला नाही का गं तुझ्याशी?"

नाही बोलला.

तो बाल्कनीत सायकलची चेन साफ करत बसला होता. विचारलं. हात थांबला नाही त्याचा. "पुण्याच्या ऑफिसात जागा निघालीय. मी हो म्हटलंय." कधी? "जानेवारीत." जानेवारीत कधी? "पंधरा-सोळाला असेल."

आणि गेल्या सोमवारी, तीन तारखेला, आम्ही दोघं उर्जाला घेऊन गिम्नाझियुममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात गेलो होतो, पाचवीसाठी नाव घालायला. पाऊण तास रांगेत. फॉर्मवर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. त्याने केली. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि केली. पुण्याला हो म्हणून तेव्हा अडीच आठवडे झाले होते!

१० फेब्रुवारी

बोलले नाही. तोही नाही. उर्जाचा डबा भरला, कामावर गेले, एका आजोबांची अक्कलदाढ काढली. दाढ अख्खी निघाली. दिवसातलं तेवढंच नीट झालं.

१२ फेब्रुवारी

मयुरेशचं कारण ऐका. "तू अभ्यासात होतीस. तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं."

म्हणजे उपकार केले.

लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलो. तो म्हणाला होता, दोन वर्षं. फक्त दोन. प्रोजेक्ट संपला की परत. आकुर्डीचा माझा दवाखाना सहा वर्षांचा होता. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ, बाहेर बाकडं भरलेलं. माझ्या हाताखालच्या स्वानंदीला तो सांभाळायला दिला, दोन वर्षांसाठी. दोनाची चार झाली. मधे कोरोना. मग त्याचं प्रमोशन. मग "उर्जाची शाळा आत्ताच सुरू झालीय, आता कुठे हलवायचं." स्वानंदीने एक दिवस विचारलं, ताई, पाटीवर माझं नाव घालू का? घाल म्हटलं. त्या दिवशी मी इथे एका डिस्काउंट दुकानात दही शोधत होते.

मी दंतवैद्य, आणि इथे तीन वर्षं कोणी विचारलं तर "हाउसफ्राऊ", गृहिणी, असं सांगायचे. मग एकदा ठरवलं. भाषेच्या परीक्षा दिल्या. डॉक्टरांसाठीच्या भाषेच्या परीक्षेत एकदा नापास झाले. परत दिली. तात्पुरता परवाना मिळाला, बार्मबेकला डॉ. पेटरसनबाईंकडे असिस्टंट म्हणून लागले. आता शेवटची एक परीक्षा राहिली आहे. ती पास झाले की कायमचं लायसन्स. मग मी या देशात कुठेही दवाखाना उघडू शकते. पंचेचाळीस वर्षांची असले तरी, पासष्टची असले तरी.

यायचं त्याने ठरवलं. किती दिवस, तेही त्यानेच वाढवत नेलं. आता जायचंही तोच ठरवणार.

१ मार्च

विभावरीचा फोन. इथल्या मराठी मंडळातली विभावरी, हळदीकुंकवाला दोन तास बसणारी. "अगं, जाताना तुमचं बाल्कनीतलं टेबल कोणाला द्यायचं ठरलंय का?"

तिच्या नवऱ्याला मयुरेशने सांगितलं होतं. तेही जानेवारीत.

सासूबाईंना माहीत, विभावरीला माहीत, टेबलालाही माहीत असेल. म्हटलं, विभावरी, टेबल राहणार आहे, मीपण राहणार आहे. फोन ठेवला. राहणार आहे हे कधी ठरवलं मी? बोलून गेले.

१४ मार्च

पत्र आलं. परीक्षेची तारीख — २३ सप्टेंबर.

डॉ. पेटरसनबाईंना दाखवलं. त्यांनी दारातच माझा हात हातात घेतला. कमी बोलणारी बाई. "आल्झो," म्हणाल्या, "आता पुढचं बोलू. तुम्ही किती दिवस राहणार आहात? मी सहा वर्षांत निवृत्त होईन. हा दवाखाना कोणाला तरी द्यायचाच आहे."

सात वर्षांत या गावात मला कोणी असं विचारलं नव्हतं. "परत कधी जाणार" असंच विचारतात सगळे. इथलेही आणि आपलेही.

घरी येऊन मयुरेशसमोर पत्र ठेवलं. त्याने वाचलं. "सप्टेंबरला तू ये ना परत. आठवडाभर येऊन देऊन जा." जणू आरटीओत लायसन्सचा फोटो काढायचाय! जिवंत पेशंटवर घेतात ही परीक्षा. रोज हातात काम हवं. आणि पास होऊन ते लायसन्स मी चिंचवडच्या भिंतीवर लावू?

"मग काय करू?" म्हणाला. "बाबा डिसेंबरात बाथरूममध्ये पडले. आई त्यांना उचलू शकली नाही. शेजारचा विष्णू येईपर्यंत वीस मिनिटं फरशीवर होते."

मला माहीत आहे. बाबांना पार्किन्सन्स आहे, तीन वर्षं झाली. मलाही वाईट वाटतं. त्याला वाटतं वाईट वाटण्याचा मक्ता त्याचाच.

२९ मार्च

उर्जाचं पोट सोमवारी दुखतं. मागच्या सोमवारी, त्याआधीच्या सोमवारी. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ताण आहे. असणारच. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं घरात काय चाललंय ते. मयुरेशला सांगितलं — बघ, हे तुझ्यामुळे. तिचं आयुष्य इथे आहे, मैत्रिणी इथे आहेत, ती जर्मनमध्ये स्वप्नं बघते. तिला उपटून कुठे नेतोस?

यावर त्याला बोलता येत नाही. हे चांगलं सापडलंय मला.

११ एप्रिल

टेबलावर एक कागद. घर सोडायची नोटीस, क्युंडिगुंग. त्याने टाइप करून आणली, खाली स्वतःची सही करून ठेवली. भाडेकरारावर दोघांची नावं आहेत, म्हणून दोघांच्या सह्या हव्यात. ५ मेपर्यंत घरमालकाच्या हातात पडली तर जुलैअखेर घर मोकळं.

करार करताना २०१८ मध्ये मी अठरा पानं न वाचता सही केली होती. वाचता येतच नव्हती. आता येतात. नोटीस दोनदा वाचली. एक शब्द चुकीचा लिहिलाय त्याने. तो दुरुस्त केला आणि कागद तसाच ठेवला. सही केली नाही.

१५ एप्रिल

नाही केली.

२० एप्रिल, रविवार

ईस्टरची सुट्टी. उर्जाला घेऊन फेरीने फिंकेनवेर्डरला गेले. पाऊस, वारा, वर डेकवर आम्ही दोघीच. मला वाटलं बोलेल काही. तिने फोन काढला आणि आजोबांना लावला. रोज लावते. बुद्धिबळ खेळतात दोघं. बाबांचा हात हलतो, सोंगट्या पडतात, म्हणून ते नुसतं सांगतात — घोडा एफ-तीन — आणि त्यांची सोंगटी उर्जा इकडे आपल्या पटावर हलवते. छोटा चुंबकाचा पट आहे, दप्तरात असतो. बाबांना बोलायला वेळ लागतो. ती थांबते. माझ्यासाठी पाच सेकंद थांबत नाही. मला जर्मनमध्ये उत्तर देऊन खोलीत जाते. बाबांशी मोडकंतोडकं मराठी. "आजोबा, तुमचा हत्ती मेला."

मी एल्बेकडे बघत बसले. या नदीचा मला दोन वर्षं राग यायचा. करडी, थंड, जहाजांचा गोंगाट. आता मला कुठलं जहाज कुठे लागतं ते कळतं.

परतताना विचारणार होते तिला. नाही विचारलं. काय विचारायचं? उत्तर माहीतच आहे.

२७ एप्रिल, रविवार

भांडण. खरं भांडण, सात वर्षांतलं पहिलं. उर्जा स्विमिंगला गेली होती.

तो म्हणाला, सही कधी करणार. मी म्हणाले, नाही करणार. तो म्हणाला, मग सांग तरी तुला काय हवंय. मी म्हणाले, विचारायला तीन महिने लागले तुला!

मग मी थांबले नाही. दवाखाना, पाटी, दही, हाउसफ्राऊ, सगळं काढलं. तुझी दोन वर्षं म्हणजे रबर आहे, हवं तेव्हा ताणायचं, हवं तेव्हा सोडायचं, आणि लागतं मला. म्हणाले, आईंना आधी सांगितलंस. विभावरीच्या नवऱ्याला सांगितलंस. माझ्याबरोबर रोज एका ताटलीतलं खात होतास.

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं. झालं?"

पहिल्यांदा खरं बोलला. त्यानेही मग सोडलं नाही. "तुला इथे काहीतरी सापडलं देवश्री. मला नाही सापडलं. सात वर्षं मी त्या मीटिंगमध्ये बसतोय. सगळे हसतात तेव्हा हसतो. विनोद कळलेला नसतो. गेनाऊ, गेनाऊ म्हणत मान डोलावतो. बाबा म्हातारे झाले ते मी पाच इंचाच्या स्क्रीनवर बघितलं. अजून किती वर्षं? तू सांग. किती?"

मला माहीत नव्हतं हे. विनोदाचं. मी त्याला सगळं येतं असं धरून चालले होते. घरातली पत्रं तोच वाचायचा ना सुरुवातीला.

तरी राग गेला नाही. थोडा वाढलाच. इतकी वर्षं हेसुद्धा नाही सांगितलं.

शेवटी म्हणाले, माझं सोड, उर्जाचं काय? तिने काय पाप केलंय? तो नेहमीसारखा गप्प झाला. मी जिंकले. उठून पोळ्या केल्या.

२ मे

मयुरेश म्हणतो, सोमवारी पाच तारीख. मला काय तारीख वाचता येत नाही?

सासूबाईंचा फोन होता दुपारी. माझ्यासाठी. म्हणाल्या, "आमच्यासाठी म्हणून येऊ नकोस हो. येऊन रोज तोंड पाडून बसशील, ते मला झेपायचं नाही." मी चक्रावले. टोमणा होता की खरं, कळलं नाही. बहुतेक दोन्ही. "तुझं तू ठरव. पण पोरीला विचारलंस का?"

मी म्हटलं, आई, तिचं काय विचारायचं, लहान आहे ती.

हे मयुरेशचं वाक्य आहे. टेन्शन नको म्हणून. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आणि आता सासूबाईंचाही राग येतोय.

४ मे, रविवार

आज विचारलं उर्जाला. तुला कुठे राहायचंय?

पुण्याला, म्हणाली. लगेच. विचार करायला थांबलीसुद्धा नाही. आजोबांकडे. मग म्हणाली, मधल्या सुट्टीत ती टॉयलेटमध्ये बसून खाते. तिसरीपासून. बाकीच्या मुली तिला घेत नाहीत. मला का नाही सांगितलंस? तर खांदे उडवले. "दू लेर्न्स्ट दोख इमर." तू तर सारखी अभ्यासच करत असतेस.

महिनाभर तिचं नाव पुढे करून भांडले. आता तिनेच ते नाव काढून घेतलं. तरी मला राहायचंय. तितकंच राहायचंय.

मयुरेशला दुपारीच सांगितलं. तुम्ही दोघं जा. मी इथे राहते, याच घरात.

तो म्हणाला, "किती दिवस?"

म्हटलं, ठरवलेलं नाही. ठरवलं की आधी तुला सांगेन.