पान बेचाळीस

प्रिय वैशाली,

'प्रिय' तुला जिवंतपणी कधी म्हटलं नाय. पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तिसरी शिकलेल्या सासूच्या चुका काढू नकोस.

काल मनूने तुझी निळी वही काढली. पहिल्या पानावर तुझी यादी, काय कुठल्या पानावर ते. त्यात पोरीला सापडलं, 'मनूला सांगायच्या गोष्टी, पान ४२'. केवढी हरखली! पानं उलटली, तर चाळीसनंतर थेट त्रेचाळीस.

"आजी, हे पान कुठं गेलं गं?"

"मला काय म्हाईत?"

दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिल्यांदा तुझ्याशी. आठवतं? उलव्याला बहिणीकडे करंजा बंदरावरचे सुके बोंबील पाठवायचे होते. तुझ्या वहीचा कागद चांगला जाड. फाडला, पुडी बांधली. काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाय. तू विचारलंस तर म्हटलं, "उंदरानं नेलं असंल."

"आई, उंदीर एवढं सरळ फाडत नाय," म्हणालीस आणि डबा उचलून तळोज्याला कामावर गेलीस. भांडली का नायस गं? भांडली असतीस तर तेव्हाच कबूल झाले असते. कदाचित.

किती बोलायचे त्या वहीला! "आमी सात माणसांचं घर डोक्यात ठेवलं, हिला दूध आणायलाबी वही लागते." तू गुमान चहा पीत झालेल्या कामावर खूण करायचीस, राहिलेलं पुढच्या पानावर न्यायचीस. आता तू नायस, तर गॅसवाल्याचा नंबर त्याच वहीत, मनूच्या शाळेचे कागद कुठे तेही त्याच वहीत. माझ्या गुडघ्याच्या गोळीपुढे तर लिहिलंस, 'आई घेतली म्हणतात, घेत नाहीत. मोजायच्या.' माझ्यावर पाळत ठेवायचीस होय!

आज मनू क्लासला गेल्यावर चष्मा लावून, अक्षरं जोडत सगळी वही वाचली. तू लिहिलेल्या शेवटच्या पानावर होतं, 'मनूचं पान परत लिहायचं.' त्यापुढे खूण नाय.

तेव्हा खाली गेलेली मान अजून वर झाली नाय.

तुझ्या यादीत बेचाळीसपुढे माझ्या वाकड्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'आजीने फाडलं.' पाचला मनू येईल. पाणी प्यायली की वही तिच्या हातात देईन. रडू दे, वाट्टेल ते बोलू दे. मी उलट एक शब्द बोलणार नाय. मला ते किती जड आहे, तुलाच ठाऊक.

तुझी सासू,
तोच तो उंदीर