फुगीर काचेचं झाकण

जवाहरनगर, गुरुवार संध्याकाळ

झाकण आजही बसलं नाही. आपल्या फिशटँकची समोरची काच बाहेर फुगलेली, दुकानातलं सरळ झाकण तिच्यावर बसतच नाही. म्हणून झाकणाच्या समोरच्या कडेसाठी प्लायवूडची पट्टी भिजवून, ड्रमाला दोरीनं आवळून मीच गोलाई दिली होती. आज दोरी सोडली आन् प्लाय हळूहळू सरळ झाला. समोर दोन बोटं फट तशीच.

बायको म्हणाली, "कूलरसमोर काहून ठेवलं जी? त्याची हवा ओली रायते. सुकन कसं?"

खरंच, मले कसं सुचलं नाही? उन्हाळ्यात सारंच कूलरसमोर ठेवायची सवय.

लकवा झाल्यापासून आई बोलत नाही. दिवसभर खाटेवरून दोन मासे पाहायची, तेवढंच तिचं उरलं होतं. जुनं झाकण तडकलं म्हणून काढलं आन् दुसऱ्याच दिवशी मोठा मासा उडी मारून फरशीवर तडफडून मेला. मी ड्युटीवर, बायको दळण आणायला गेलेली. आई पाहत होती. हाक कशी मारणार?

आता एकच उरला. फटीवर टॉवेल टाकला, तर तो पाण्यात घसरून राहिला. उद्या पुन्हा ड्युटी. काय करू?

आई आज माशाकडे पाहतच नाही. फटीकडे पाहून राहिली.