वॉल्टरच्या रायफलीवरच्या पाच रेघा

६ सप्टेंबर, शनिवार
आजपासून नोंद ठेवायची. रिटायर झाल्यावर पहिलंच खरं इंजिनिअरिंगचं काम मिळालंय. शेजारच्या वॉल्टरकडे त्याच्या वडिलांनी युद्धावरून आणलेली फ्रेंच लष्करी रायफल आहे. तिची जुनी गोळी आता मिळत नाही म्हणतो. ४ ऑक्टोबरला वडिलांचा वाढदिवस, तेव्हा नेमबाजीच्या रेंजवर ती एकदा तरी उडवायचीय. आपलं वय चौऱ्याऐंशी, नजर अधू, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही म्हणाला. मी म्हटलं, आजच्या गोळीला चालेल अशी करून देतो, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. घरी बायकोनं, उत्तरानं, आठवण करून दिली की मी एकतीस वर्षं नुसती मॅन्युअलं लिहिली. पण मॅन्युअल लिहिणाऱ्यालाच सगळं माहीत असतं.

९ सप्टेंबर
माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स नाही, म्हणून काम वॉल्टरच्या गॅरेजमध्ये, त्याच्यासमोर. तो चाळीस वर्षं सुतार होता. हात चांगला, थिअरी कच्ची. तासभर थिअरी समजावली. त्यानं कॉफी दिली.

१३ सप्टेंबर
मापं आणि फोटो घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, हात लावू नका. नळीचं काम आहे, चुकलं तर तोंडावर फुटेल. शिवाय जुनी गोळी पुन्हा बनायला लागलीय, ऑर्डर केली की आठवड्यात येते. मागे रांगेतली माणसं ऐकत होती. बाहेर येऊन दहा मिनिटं गाडीत नुसता बसलो. वॉल्टरला उद्या सांगायचं.

१६ सप्टेंबर
सांगितलं नाही. आज त्यानं फोनवर मुलीला सांगितलं, माझा इंजिनिअर इथेच बसलाय. यार, अशा वेळी कसं सांगणार?

२२ सप्टेंबर, घटस्थापना
वॉल्टरनं विचारलं, किती झालं. सत्तर टक्के म्हटलं. आता डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करायला हवं.

२४ सप्टेंबर
वॉल्टर खुर्चीतच पेंगला. फळीवर पॉलिशपेपर होता. रायफलीच्या लाकडावर पाच ओबडधोबड ओरखडे होते, ते घासून काढले. तेल लावलं. काय चकाकलं! शेवटी माझ्या हातून काहीतरी झालं.

२५ सप्टेंबर
वॉल्टरनं रायफल मांडीवर घेतली आणि लाकडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग विचारलं, रेघा कुठे गेल्या. वडिलांचे पाच सोबती युद्धावरून परत आले नव्हते, त्यांची एकेक रेघ. लहानपणी त्यांवर बोट ठेवूनच तो पाचपर्यंत मोजायला शिकला. मी म्हटलं, दमट हवेनं लाकूड फुगतं, रेघा बुजतात. सुतारानं मान हलवली. ही नोंद फाडायची.

२८ सप्टेंबर
फाडली नाही. त्याच्याकडेही गेलो नाही. पाठ दुखतेय. तशी फार नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दरवर्षी पूजेला माझा कॉलेजातला मापाचा व्हर्नियर ठेवतो. आज देवापुढे पॉलिशपेपरचा तुकडा, वर हळदकुंकू. उत्तराला पँट धुताना खिशात सापडला होता. म्हणाली, अहो, यंदा हत्यार हेच वापरलंत ना? मग सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच वाईट. पूजा राहू दे, आधी त्याच्याकडे जा म्हणाली.
गेलो. रेघा मीच घासल्या म्हटलं. वॉल्टर म्हणाला, माहीत आहे, माझ्या बाहीला भुसा लागला होता. मग गोळी मिळते तेही सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्यासमोरच दुकानात फोन केला. गोळ्या आठ तारखेला येतील. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ ऑक्टोबर
वाढदिवस. रेंज कॅन्सल. वॉल्टरनं मला गॅरेजमध्ये बोलावलं. रायफल मांडीवर घेऊन त्या गुळगुळीत लाकडावर एकेक बोट टेकवत त्यानं पाचपर्यंत मोजलं. मग मला म्हणाला, थिअरीत रेघा अजून आहेत.