देवांगच्या प्रबंधातला वडाभात

ती. नीलांबरीवन्संना,

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेहून सुलेखाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो आता कागदावरच जमतो). तुमची शुगर ताब्यात असेल अशी आशा. तुमच्या भावाची आहे, कारण डबे मी लपवते.

भाचा डॉक्टर होतोय म्हणून तुम्ही नागपूरभर पेढे वाटलेत. वन्सं, हा ताप उतरवणारा डॉक्टर नव्हे. देवांग सर्बियन आणि एस्टोनियन भाषांच्या गावोगावच्या बोली ताडून बघतो. या दोन भाषांचं नातं नाही, शेजार नाही, साधं भांडणही नाही. (आईशी मात्र हे रत्न इंग्रजीत बोलतं.) राजधानीचा माणूस समोर आला की गावाकडचा आपली बोली कशी गिळतो, हा म्हणे प्रश्न. मी पुण्याची, दिली नागपुरात. मला विचारलं असतं तर चहा उकळेपर्यंत उत्तर दिलं असतं.

माइक दिसला की लोक पाठ्यपुस्तकासारखे बोलतात, म्हणून त्याने चौघांना आमच्याकडेच जेवायला आणलं: सर्बियाच्या राजधानीतल्या, म्हणजे बेलग्रेडच्या एक बाई, दक्षिण सर्बियातल्या खेड्यातली एक आजी, एस्टोनियाच्या राजधानीतले, म्हणजे टॅलिनचे एक गृहस्थ आणि त्यांच्याच देशाच्या दुसऱ्या टोकाचा एक शेतकरी. टेप कपाटावर लपवली. "मॉम, हे रेकॉर्डिंग फेल झालं तर माझं फंडिंग जाईल, सो प्लीज नॉर्मल वागा." फंडिंग गेलं तर चिरंजीव कायमचे आमच्या बेसमेंटमध्ये, हे ओळखून मी कंबर कसून रांधलं.

आजीनं बेलग्रेडच्या बाईंना पाहिलं आणि ती थेट इंग्रजीत शिरली. बाई उदार मनाने तिचं इंग्रजी सुधारत बसल्या. एस्टोनियन मंडळी भिंतीला सोबत म्हणून आल्यासारखी बसली आणि निघताना म्हणाली, गप्पा फार छान झाल्या.

इकडे ओट्यापाशी तुमचे बंधू विक्रमराव कुजबुजले, "काहून एवढं फिकं करून राह्यली? ताईसारखा झणझणीत वडाभात टाकायचा." पुढचा तासभर पुणेरीत आणि नागपुरीत काय झालं ते टेपवर आहे. देवांगचे प्राध्यापक खूश झाले. म्हणे, दोन बोली समोरासमोर, आणि एकीनेही माघार घेतली नाही. फंडिंग वाचलं.

तुमची,
सुलेखा

ता. क. ती टेप परिषदेत सर्वांना ऐकवायची आहे. जिच्याविषयी बोलणं झालं तिचा होकार लागतो, असा त्यांच्या विद्यापीठाचा नियम. तुम्ही नुसतं 'हो' कळवा. टेप मागवू नका.

आणखी ता. क. मागवलीतच, तर तुमच्या बोलीला मी एका शब्दाने नावं ठेवलेली नाहीत. फक्त वडाभाताला, आणि जाता जाता स्वभावाला.

शेवटचं. वडाभाताची कृती पाठवा. त्या दिवसापासून तुमचे बंधू माझ्याशी इंग्रजीत बोलताहेत.