धाकटीपेक्षा जास्त रिफंड

४ ऑगस्ट
धाकट्या जावेला इन्कम टॅक्सचा रिफंड आला. घरच्या ग्रुपवर फोटोसकट कळवलं. ह्यांनी सासूबाईंना दाखवला. त्या ओरडून म्हणाल्या, धाकटी हुशारच! स्वतःला ऐकू येत नाही म्हणून गल्लीला ऐकवतात. त्यांच्या कानाच्या यंत्रासाठी बस टाळून पायी फिरते मी. माझ्या खात्यात बरेच पैसे साठलेत. ते कोण बघतंय? असो. मला कुणाचा मत्सर नाही. ग्रुप म्यूट केला. जपाच्या वेळी टिंगटिंग नको.

५ ऑगस्ट
जपात देवाऐवजी धाकटीच दिसली. एक माळ जादा ओढली.
ह्यांना विचारलं, आपल्याला रिफंड का नाही? म्हणाले, तिच्या पगारातून टॅक्स जास्त कापला, तो परत आला. तू कधी टॅक्स भरलास? म्हटलं, जन्मभर राबते ते काय? ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

७ ऑगस्ट, दुपारी
देव आहे! मोबाइलवर मेसेज. तुमचा रिफंड मंजूर, आजच न घेतल्यास रद्द. खाली लिंक. ह्यांना सांगायचं नाही. आधी पैसे येऊ देत, मग ह्यांचं तोंड बघू.

संध्याकाळी
लिंकवर खात्याची माहिती भरली. लगेच टॅक्सच्या साहेबांचा फोन. काय ती अदब! ह्या घरात मला मॅडम कोण म्हणतं? तरी मी नीट चौकशी केली. विचारलं, जावेपेक्षा कमी नाही ना? त्यांनी विचारलं, त्यांना किती आले? सांगितलं. म्हणाले, मॅडम, तुमचे बरोबर दुप्पट आहेत. खात्री पटली. देवाला नमस्कार करून ओटीपी सांगितला.

८ ऑगस्ट
खातं रिकामं. सरकारी पद्धत असेल. आधी जुने काढायचे, मग दुप्पट घालायचे.

१० ऑगस्ट
साहेबांचा फोन बंद. मीटिंगमध्ये असतील.

११ ऑगस्ट
ह्यांना सांगावंच लागलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, ओटीपी कुणालाही द्यायचा नसतो. म्हटलं, कुणालाही कुठे दिला? साहेबांना दिला. त्याच दिवशी कळवलं असतं तर पैसे कदाचित अडवता आले असते म्हणे. तक्रार लिहून घेतली. धाकटीला कळवू नका, अशी ह्यांना शपथ घातली.

१४ ऑगस्ट
ह्यांनी शपथ मोडली. धाकटी आली. रिफंडच्या पैशांतून सासूबाईंच्या कानाचं यंत्र घेऊन! मी घेणार होते, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाईंना यंत्र लावून दिलं, त्या आत जाऊन पडल्या. मग धाकटी हळूच म्हणाली, ताई, असा मेसेज मलाही आला होता. मी सहा तारखेलाच ग्रुपवर टाकलं, लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. म्यूट काढून पाहिलं. होतं. खाली खास माझ्यासाठी लिहिलेलं, ताई, सांभाळा हं.
मी कुजबुजले, सासूबाईंना एवढं कळू देऊ नकोस.
सासूबाई आतून म्हणाल्या, कळलं.
यंत्र चांगलं निघालं.